‘मुलगे उशिराच बोलतात’



पेसाहच्या आधी, घरात साफसफाईचा पसारा पडलेला असताना आम्हाला एका बाईंचा फोन आला. आपल्याच समाजातल्या, आमच्याहून वयाने थोड्या लहान, हे सदर नेमाने वाचणाऱ्या. कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाच्या मुलीचं जमलं, सगळं बोलून झालं आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू का? धाकट्या मुलाचा मुलगा १९ महिन्यांचा झाला. एक शब्द बोलत नाही. सून रशियन आहे. ती म्हणते, घरात तीन भाषा चालतात म्हणून पोर गोंधळलंय, तुम्ही त्याच्याशी मराठी बोलू नका. मुलगा म्हणतो, मीही उशिराच बोललो होतो. मी काय करू? बोलायची बंद होऊ का?"

आम्ही म्हणालो, "बोलण्याचं जरा बाजूला ठेवा. बोट दाखवतो का?"

"म्हणजे कसं?"

"खिडकीतून मांजर दिसलं, तर त्याच्याकडे बोट करून मग तुमच्या तोंडाकडे बघतो का? ‘आजी, बघितलंस का?’ अशासारखं?"

थोडा वेळ फोनवर आवाजच नाही. मग म्हणाल्या, "नाही हो. काही हवं असलं की माझं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो. पण माझ्याकडे बघत नाही."

त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता, आजचं सदर यावरच लिहीत आहोत. कारण असा फोन हा काही पहिला नाही, आणि पहिला आला तेव्हा आम्ही चुकीचं उत्तर दिलं होतं.

ती गोष्ट १९८६ सालची. नेगेवमधल्या एका गावी लहान मुलांच्या केंद्रात आम्ही नोकरीला होतो. लसी टोचायच्या, वजन करायचं, आयांना खाण्यापिण्याचं सांगायचं, हे आमचं काम. एक आई, आपल्यातलीच, २० महिन्यांचा मुलगा घेऊन आली. मूल गुटगुटीत, वजन छान, चालायलाही वेळेवर लागलेलं. आई म्हणाली, "हाक मारली तर वळून बघत नाही. पण दुसऱ्या खोलीत बाम्बाची पिशवी फाडली की धावत येतो." आज हे कोणी सांगितलं तर आम्ही हातातलं काम टाकू. त्या दिवशी आम्ही हसलो आणि म्हणालो, "मुलगे उशिराच बोलतात. त्यात घरात मराठी, बाहेर हिब्रू, गोंधळ होणारच. घरी फक्त हिब्रू बोला." कार्डावर ‘ठीक’ असं लिहिलं आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

आई कारखान्यात कामाला जायची. मुलाला दिवसभर सांभाळायची त्याची आजी. आजीला हिब्रू भाजीबाजारापुरती यायची. तेव्हा आमच्या सल्ल्याचा अर्थ एवढाच झाला, की आजीने नातवाशी बोलायचं नाही. आणि ती बिचारी खरंच बोलायची थांबली. भरवताना गप्प, आंघोळ घालताना गप्प, झोपवताना गप्प. सिस्टरने सांगितलंय ना! हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. मुलाची नीट तपासणी झाली तेव्हा तो सव्वाचार वर्षांचा होता, तीही गानच्या बाईंनी हट्ट धरला म्हणून. अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. त्या दिवसांत बहुतेक सगळे असंच सांगत, हे खरं. पण आई काय सांगते ते आम्ही नीट ऐकून घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही.

तेव्हा भाषेचं उत्तर आधी देतो. दोन काय, चार भाषांनीही ऑटिझम होत नाही. दोन भाषांच्या घरातलं मूल एखाद्या भाषेत कमी शब्द बोलेल, पण दोन्हीकडचे मिळून मोजले तर फार फरक पडत नाही. आणि ज्या मुलाला खरोखर ऑटिझम आहे, त्याचंही दुसऱ्या भाषेने नुकसान होत नाही. कॅनडात २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका भाषेच्या आणि दोन भाषांच्या घरांतल्या ऑटिस्टिक मुलांची तुलना केली होती. दोन भाषांची मुलं मागे पडलेली दिसली नाहीत. माणसाने मुलाशी ज्या भाषेत मोकळेपणी बोलता येतं, त्या भाषेत बोलावं. मोडक्यातोडक्या हिब्रूत दोन शब्द बोलणाऱ्या आजीपेक्षा मराठीत दिवसभर बडबड करणारी आजी मुलाच्या जास्त उपयोगाची.

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द दिसायला छान आहे, पण आम्हाला तो फारसा पटत नाही. मूल मुद्दाम स्वतःत रमून आपल्याकडे पाठ फिरवतं, असं त्यातून वाटतं. तसं नसतं. मेंदूची घडणच आईच्या पोटात असल्यापासून थोडी वेगळी होत असते. माणसाचा चेहरा, आवाज, हातवारे यांच्याकडे इतर बाळांचं लक्ष आपसूक जातं, तसं या बाळाचं जात नाही. कोणाचं थोडं कमी, कोणाचं फारच कमी. म्हणून हिब्रूत ‘रेत्सेफ’ म्हणतात, सलग पट्टा. त्याच्या एका टोकाला जन्मभर न बोलणारा मुलगा असतो, दुसऱ्या टोकाला आपल्या सैन्यात हवाई छायाचित्रं बारकाईने तपासणारा. २०१३ साली अशा तरुणांसाठी ‘रोईम राहोक’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, तो पुष्कळांनी टीव्हीवर पाहिला असेल.

आता खुणा. १९९४ साली अमेरिकेत दोन संशोधक बायकांनी एक साधी गोष्ट केली. पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ फिती मागवल्या. ११ मुलं अशी, की ज्यांना पुढे ऑटिझम असल्याचं ठरलं, आणि ११ इतर मुलं. केक, फुगे, टोप्या, सगळं सारखंच. पण चार गोष्टींत फरक दिसला: मूल लोकांच्या तोंडाकडे किती बघतं, हाक मारली की वळतं का, वस्तू उचलून दुसऱ्याला दाखवतं का, आणि बोट करतं का. म्हणजे वर्षाच्या बाळात खुणा असतात. आपणच मेणबत्तीकडे बघत बसतो.

या चार गोष्टी बघायला डॉक्टर लागत नाही, आपल्या घरातली जुनी रीत पुरते. खिडकीत उभं राहून एक घास चिऊचा, एक काऊचा करत भरवतो ना आपण? "तो बघ काऊ" म्हटलं की नऊ-दहा महिन्यांचं बाळ आपल्या बोटाच्या दिशेने बघायला लागतं. वर्षाचं झालं की स्वतः बोट करायला शिकतं. आधी हवं ते मागायला, आणि मग, दीड वर्षाच्या आत, नुसतं दाखवायला. मागण्याचं बोट आणि दाखवण्याचं बोट यांत फरक आहे, तो लक्षात ठेवा. दाखवणाऱ्या मुलाला काऊ नको असतो, आजीनेही काऊ बघावा एवढंच हवं असतं. ऑटिझममध्ये हे दाखवणं उशिरा येतं किंवा येतच नाही. फोनवरच्या बाईंना आम्ही तो प्रश्न का विचारला, ते आता कळलं असेल.

बाकी वयाप्रमाणे सांगायचं तर, सहा महिन्यांच्या बाळाने आपल्याला बघून मोकळं हसायला हवं. नऊ महिन्यांपर्यंत पदराआडून ‘भो’ केलं की खिदळायला हवं, आपण आवाज काढला की उलट आवाज काढायला हवा. वर्षाच्या आसपास बा-बा, मा-मा अशी बडबड, टाटा करणं, हाकेला वळणं. सोळा महिन्यांपर्यंत एखाददुसरा अर्थाचा शब्द. दोन वर्षांना दोन शब्द जोडून, "पाणी दे", "इमा बोई", भाषा कोणतीही असो. टीव्हीतलं गाणं तोंडपाठ म्हणणं यात मोजायचं नाही. आणि एक खूण अशी, की तिच्यापुढे वय-बिय काही बघायचं नाही: येत असलेले शब्द किंवा हसणं-खेळणं जर मूल विसरायला लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. काही मुलांत सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान असं होतं. पंधरा शब्द बोलणारं मूल महिन्या-दोन महिन्यांत मुकं होतं.

मोटारीची चाकंच फिरवत बसणं, वस्तू ओळीने लावणं, हात फडफडवणं, मिक्सर लावला की कान दाबून रडणं, चार पदार्थांपलीकडे काही न खाणं, याही खुणा आहेत. पण यातली एकटी-दुकटी धरून घाबरू नका. आमचाही एक नातू सगळ्या चपला ओळीत लावायचा. तो ओळीत लावून आम्हाला हाताला धरून दाखवायला न्यायचा आणि "कोल हाकावोद" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. तो भाग वेगळा. मुलींच्या बाबतीत मात्र एक सांगायला हवं. मुलांमध्ये ऑटिझमचं निदान मुलींच्या तिपटीहून जास्त होतं, पण मुली पुष्कळदा निसटतात. दुसऱ्या मुलींचं बघून वागतात, आणि आपण म्हणतो, किती गुणाची, किती शांत पोर!

कारणांबद्दल इतकी वेडीवाकडी बोलणी आम्ही ऐकली आहेत की त्यांचं एक पुस्तक होईल. सगळ्यात वाईट बोलणं शिकलेल्या लोकांनीच पसरवलं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन लिहिलं, तिथून या आजाराचं नाव सुरू झालं. कॅनर यहुदी, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेले. मूल जन्मापासूनच असं असतं, हे त्यांनी त्याच लेखात म्हटलं होतं. पण मुलांचे आई-बाप थंड स्वभावाचे असतात असंही पुढे लिहून ठेवलं, आणि लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. ‘फ्रिजसारख्या आया’ असा शब्दच रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकात तर अशा मुलांची छळछावणीतल्या कैद्यांशी तुलना केली. मग आई-बाप कोण झाले, ते सांगायला नको. हा माणूस स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्डमधून सुटून आलेला. त्याने आयांना असं म्हणावं, हे आम्हाला अजून समजलेलं नाही. कॅनरनी १९६९ साली आई-बापांच्या सभेत, तुमचा काही दोष नाही, असं जाहीर सांगितलं. पण तोवर किती आया रडून झाल्या असतील! आपल्या १९८६ च्या बाईंनाही सासरच्या एका नातेवाइकाने ऐकवलं होतं, "तू कामाला जातेस म्हणून."

खरं कारण मुख्यतः रक्तातलं. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांत एकाला ऑटिझम असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण बरंच निघालं, वेगवेगळ्या जुळ्यांत तसं निघालं नाही. २०१९ साली पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांचा हिशोब छापून आला, त्यात आपला इस्राएलही होता. एका मुलात आणि दुसऱ्यात जो फरक पडतो, त्यातला सुमारे ८० टक्के आनुवंशिक असतो असं त्यांना दिसलं. एकच एक जीन नाही, शेकडो आहेत, काही आई-बापांकडून आलेले, काही बाळात नव्यानेच बदललेले. फ्रॅजाइल एक्स हा त्यातला एक, त्याची रक्ततपासणी आपल्या देशात गरोदरपणी किंवा आधी पुष्कळ बायका करून घेतात. एका मुलाला ऑटिझम असेल, तर पाठच्या भावंडाला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणून पाठचं मूल झालं की त्याच्यावर सुरुवातीपासून लक्ष ठेवावं.

बापाचं वय हेही एक कारण. आणि ते कळलं आपल्याच सैन्यभरतीच्या नोंदींवरून. २००६ साली लाखाहून जास्त इस्राएली तरुण-तरुणींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३० च्या आतल्या बापांच्या मानाने ४० च्या वरच्या बापांच्या मुलांत ऑटिझम जवळजवळ सहापट दिसला. पुढच्या अभ्यासांत हा आकडा पुष्कळ खाली आला, पण दिशा तीच राहिली. शिवाय फार अपुऱ्या दिवसांचं बाळ, आणि गरोदरपणी घेतलेलं फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध. (ते चालू असलेल्या बाईने आपल्या मनाने बंद करायचं नाही. आधी डॉक्टरला विचारायचं.)

लसीचं मात्र ठणकावून सांगतो, कारण आमच्या या हातांनी हजारो बाळांना टोचलं आहे. १९९८ साली लंडनच्या एका नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने १२ मुलांवरून, गोवराच्या लसीने ऑटिझम होत असावा असा संशय छापला. २०१० मध्ये साप्ताहिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत ऑटिझमचा काही फरक नाही. ही लस आपण वर्षाच्या बाळाला देतो, आणि बाळ बोलत नाही हे घरच्यांच्या ध्यानात येतं दीड वर्षाला. एकामागून एक आलं म्हणून एकामुळे दुसरं, असं होत नाही. उलट त्याच लसीत रुबेला आहे, आणि आईला गरोदरपणी रुबेला झाला तर त्या मुलांत ऑटिझम जास्त आढळतो, हे १९६४ च्या अमेरिकेतल्या साथीनंतर दिसून आलं. २०२५ साली आपल्या देशात गोवराची साथ आली आणि लस न घेतलेली लहान मुलं त्यात गेली. ज्या नातवंडांची राहिली असेल, त्यांची घेऊन टाका.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातल्या अकामोलच्या गोळीवर बोट ठेवलं, त्यावरूनही फोन आले. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये छापून आला आहे. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर त्या गोळीचा संबंध दिसला नाही. ताप अंगावर काढणं गरोदर बाईला बरं नव्हे.

आणि दृष्ट. दृष्ट काढायची तर काढा, मीठ-मिरच्या ओवाळून टाका. एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलायचा तर बोला, आम्हीही जेवायला येऊ. फक्त त्यासाठी तपासणीची तारीख पुढे ढकलू नका. पण ‘रक्त साफ करण्याचं’ औषध कोणी सांगितलं तर दारातूनच परत पाठवा. २००५ साली अमेरिकेत असल्या उपायात पाच वर्षांचा मुलगा दगावला.

मग करायचं काय? टिपत हालावच्या सिस्टरला किंवा मुलांच्या डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, आम्हाला ऑटिझमची शंका आहे. "जरा कमी बोलतो" असं गुळमुळीत नाही. २० प्रश्नांची एक प्रश्नावली असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, हो-नाही उत्तरं द्यायची. तिच्यात शंका आली म्हणजे निदान झालं असं नाही, पण पुढे जायला जोर येतो. कानांची तपासणी आधी करायची, कारण न ऐकणारं मूलही वळत नाही. मग बालविकास केंद्राची तारीख. तारखा लांबच्या मिळतात, आठवड्या-आठवड्याला फोन करून मधली रद्द झालेली जागा मागायची, संकोच करायचा नाही. निदान झालं तर कुपत होलीममार्फत उपचार, २००० सालच्या कायद्याप्रमाणे लहानग्यांसाठी खास पाळणाघर, बितुआह लेउमीचा भत्ता, हे सगळं हक्काचं आहे. १९७४ साली आई-बापांनीच काढलेली ‘अलुट’ ही संस्था कागदपत्रांना मदत करते. गोळीने ऑटिझम जात नाही. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला मागायला, दाखवायला, नाही म्हणायला शिकवता येतं, आणि ते चार वर्षांच्या मानाने सोपं जातं.

पुष्कळ घरांत अडतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. लोकांना कळेल, मोठ्या बहिणीचं जमायला अडचण येईल. समाज लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सात वर्षांचा मुलगा लग्नाच्या हॉलमध्ये कान दाबून ओरडतो तेव्हा लोकांना कळतंच.

१९८६ चा तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला. होस्टेलमध्ये, म्हणजे अशा माणसांच्या वसतिगृहात राहतो, पॅकिंगचं काम करतो, एक आड एक शाब्बाथला घरी येतो. बोलतो थोडं, हिब्रूतच. त्याची आजी १९९३ मध्ये वारली. मागच्या वर्षी एका बार मित्सवाला त्याची आई भेटली, आमच्या शेजारीच बसली, आम्हाला वाढलंही. आम्ही विषय काढला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सिस्टर, तुम्हाला तरी काय माहीत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सासूबाई मात्र त्याला जवळ घेऊन नुसत्या बसायच्या."

पेसाहच्या आधीच्या त्या बाईंना आम्ही सांगितलं, मराठी बंद करू नका, जोरात बोला, जमिनीवर त्याच्या समोर बसून बोला, आणि सुनेला आमचा नंबर द्या. सुनेने दुसऱ्याच दिवशी फोन केला. बरीच रागावलेली होती, मग रडली, मग पेन शोधून सगळं लिहून घेतलं. कानांची तपासणी झाली, कान ठीक आहेत. बालविकास केंद्राची तारीख शवुओतनंतरची मिळाली आहे. तोवर सून रशियनमध्ये, आजी मराठीत, दोघी रोज अर्धा-अर्धा तास त्याच्यासमोर बसतात. काऊकडे अजून बघत नाही, पण साबणाचे फुगे सोडले की आजीच्या तोंडाकडे बघतो, असं परवा फोनवर सांगत होत्या.

पुढच्या अंकात मधुमेहाच्या पायांविषयी लिहू. त्यावर बरीच पत्रं आली आहेत.